कोमट पन्हं

शाळेत रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतल्या माठातून पेला भरून मी तोंडाला लावणार, तेवढ्यात कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या सरांचा आवाज आला, "बाई, घरी पाणी कुठलं येतं तुमच्या?"

मी दचकले. "नळाचं," म्हटलं.

"नळाचं तर सगळेच सांगतात. नळात कुठनं येतंय ते विचारायलो मी."

ते मला ठाऊक नव्हतं. सरांनी खिन्नपणे मान हलवली आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलं. माझं नाव त्यांनी विचारलं ते पुढं पंधरा दिवसांनी, तेही हजेरीपुस्तकात सही कुठं करायची हे मला दाखवताना.

सर आमच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. पन्नाशी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे. उन्हाळा असो की थंडी, अंगात तोच गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. सोलापुरातल्या बाळीवेशीत दोन खोल्यांत थोरल्या विधवा बहिणीबरोबर राहायचे. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. घरात कानडी, शाळेत मराठी. पण मनातून काही लागलं की मराठीतच मधे 'नीरु' यायचं, म्हणजे पाणी. "नीरु बघितल्याशिवाय कुणाच्या घरी मुलगी देऊ नका," असं त्यांनी एकदा आमच्या संस्कृतच्या बाईंना अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. त्यांनी लग्न केलं होतं की नव्हतं, केलं असल्यास काय झालं, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. पाण्याचं हे वेड कुठून आलं तेही माहीत नव्हतं. कॉलऱ्यात कुणी गेलं असेल, असं एकजण म्हणायचे. दुसरे म्हणायचे, काही नाही हो, स्वभाव.

कुठंही गेले की खांद्याला पिशवी आणि पिशवीत फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. दुसऱ्याच्या घरचं पाणी आधी नाकाजवळ नेऊन मगच ठेवायचे किंवा प्यायचे. पुष्कळदा ठेवायचेच. यजमानीण ओशाळायची. सरांच्या ते लक्षातही यायचं नाही. आठवीच्या मुलींना ते पहिल्या तासाला काहीच शिकवत नसत. स्टोव्हवर भांड्यात पाणी ठेवायचे आणि तासभर मुलींना नुसतं बघायला लावायचे. पाणी उकळून खाली उतरलं की दोन पेले शेजारी ठेवून विचारायचे, "यातलं उकळलेलं कुठलं?" मुली अंदाजानं सांगायच्या. "दिसत नाही," सर म्हणायचे. "जे मारतं ते दिसत नाही. लिहा वहीत." एवढ्यावर तास संपायचा. मुली घरी जाऊन सांगायच्या आणि एखादी आई चिडून शाळेत यायची, पोरीला हे असलं काय शिकवता म्हणून.

हसताना मी त्यांना पाहिलं नाही. चेहरा कायम मयताला आल्यासारखा. तरी आमच्या शाळेतल्या आणि बाळीवेशीतल्या प्रत्येक लग्नात माणसं त्यांना बोलवायची, कारण स्वागत समारंभाला प्यायला काय द्यायचं, किती करायचं आणि कसं टिकवायचं, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पाहुण्यांची यादी हातात घेऊन ते नावांपुढं खुणा करत बसायचे. त्यांच्या हिशेबात पाहुण्यांचे तीन प्रकार. उन्हातून येणारे, सावलीतून येणारे, आणि नवरदेवाबरोबर येणारे. उन्हातून येणारा माणूस दोन पेले घेतो. सावलीतला अर्धा टाकतो. नवरदेवाबरोबरचा घेतो एकच, पण त्याला नावं ठेवतो. यात ते सहसा चुकत नसत. त्यांनी आखलेलं सरबत कधी कमी पडलं नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या पोटात दुखलं नाही. तांबड्या अर्काचं सरबत मात्र त्यांनी जन्मात होऊ दिलं नाही. "त्यानं जीभ रंगते. तहान हाय तशीच राहते," म्हणायचे.

आणि एक नेम होता. भांडं तयार झालं की पहिला पेला स्वतः प्यायचे. भटजी, व्याही, पुढारी, कुणी का आलेलं असेना, सरांनी पेला खाली ठेवून मान हलवल्याशिवाय वाटप सुरू व्हायचं नाही.

ह्या नेमानंच त्यांचं पहिलं नुकसान केलं.

मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न होतं. संध्याकाळी स्वागत समारंभ, लिंबाचं सरबत, भलं मोठं पिंप भरलेलं. सरांनी पहिला पेला घेतला, घोट तोंडात तसाच धरला आणि बाजूला जाऊन थुंकला. मग कुणाला एक शब्द न विचारता त्यांनी पिंप कलंडलं. तीनशे माणसांचं सरबत मांडवातून नालीकडं वाहत गेलं. व्याह्यांच्या चपला त्यात भिजल्या.

"रॉकेलचा वास हाय," सर म्हणाले.

वास कुणालाच आला नव्हता. एकानं पिंपात डोकं घालून पाहिलं, दुसऱ्यानं बोट बुडवून चाटलं. काही नाही. मुख्याध्यापकांची बायको रडायला लागली. पाहुण्यांना नुसतं पान-सुपारी देऊन वाटेला लावावं लागलं. रॉकेल खरंच होतं की नव्हतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सरबत तर नालीत गेलं होतं. पण त्या दिवसापासून सरांना लग्नात बोलावणं बंद झालं. शाळेतही त्यांच्याकडं बघण्याची रीत बदलली. आधी त्यांच्या विक्षिप्तपणाला थोडा मान होता, आता नुसती टिंगल उरली.

त्या टिंगलीत मीही होते, हे इथंच सांगायला हवं. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी सरांची नक्कल केली. चहाचा कप नाकाजवळ नेला, डोळे मिटले, कोटाची बटणं चाचपल्यासारखं केलं आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "बाई, गाय कुठलं नीरु प्यायली होती?" सगळे खो खो हसले. मग एकाएकी कुणीच हसेना. मी वळून पाहिलं तर सर दारात उभे होते. ते आत आले, आपली खडूची पेटी उचलली आणि तासाला निघून गेले. मी माफी मागितली नाही. मागायची होती. आज मागू, उद्या मागू करता करता ते राहून गेलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला एकतिसावं सरत होतं. तीन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं, त्यामुळं पुण्याच्या मंडळींनी होकार कळवला तेव्हा आमच्या घरात आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. ह्यात आता काही खोट निघू नये, असं आई दिवसातून दहादा म्हणायची. त्यातून ते दुष्काळाचं वर्ष. तलावाचा तळ दिसत होता, नळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी तासभर पाणी, आणि खेड्यापाड्यांतली माणसं खडी फोडायच्या कामावर. अशात पंगती उठवणं बरं दिसेना. सकाळी घरच्या घरी लग्न आणि संध्याकाळी स्वागत समारंभ, त्यात एक पेढा आणि काहीतरी थंड, असं बाबांनी ठरवलं.

"थंड म्हणजे काय ते तुमच्या सरांना विचार," बाबा म्हणाले.

"सरांना नको," मी म्हटलं.

"का? दुष्काळात चारशे माणसाला पाजायचंय. दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

मी गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. नक्कल विसरलेत की काय, असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "वर्ष झालं, कुणी विचारलं नाही. तुम्ही आलात." एवढं बोलून त्यांनी कागद पुढं ओढला आणि यादी मागितली.

ते तीन आठवडे मला अजून आठवतात. साखर रेशनवर, लग्नाला पुरेल इतकी मिळणं अवघड. म्हणून सरबत रद्द. "पन्हं करू," सर म्हणाले. "गूळ मिळतो. कैरी उकडून घ्यायची असते, म्हणजे तेवढा भाग आपोआप निर्धोक झाला. राहिलं पाणी." त्या पाण्यासाठी भर उन्हात सायकल मारत ते गावाबाहेरच्या विहिरी चाखत हिंडले. शेवटी कुंभारी गावाच्या वाटेवर एका ओळखीच्या शेतकऱ्याची विहीर त्यांना पसंत पडली. गूळ घ्यायला बाबांना आणि मला घेऊन बाजारात गेले. दुकानदारानं पिवळाधमक गूळ पुढं केला. सरांनी खडा जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"औषध मारलंय ह्यात. काळा काढा."

"सर, लग्नाला काळा गूळ कुणी न्हेतंय होय? पाहुणे काय म्हणतील?" दुकानदार म्हणाला.

"पाहुणे डोळ्यानं पितात काय?"

काळा गूळ घेतला. कैऱ्या घेताना त्यांनी एकेक कापायला लावून कोय बघितली. वेलदोडा घरी आणून कुटला, कुटलेला विकत घेऊ दिला नाही. नवे माठ मातकट लागतात म्हणून गल्लीतल्या घराघरांतून वापरातले माठ मागून आणले, प्रत्येकावर खडूनं मालकाचं नाव घातलं आणि आतून राखेनं घासून घेतले. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात चुली पेटवून विहिरीचं सगळं पाणी उकळलं. उकळलेलं पाणी माठांत भरून, माठांना ओली पोती गुंडाळून ते बोळात ओळीनं ठेवले. माझी आई मला हळूच म्हणाली, "काही म्हण, पोटच्या लेकीचं करावं तसं करतोय हा माणूस." मला तेव्हाही माफी मागता आली असती. सर घामानं निथळत पोत्यांवर पाणी शिंपडत होते. मी नुसतीच उभी राहिले.

"बर्फ?" बाबांनी शेवटचं विचारलं.

"बर्फ नाही," सर म्हणाले. "बर्फाचं पाणी कोण उकळतंय? माठातलं पुरे. जिवाला थंड लागतं."

समारंभ शाळेच्याच पटांगणात होता. मे महिना. संध्याकाळ झाली तरी जमिनीतून वाफा येत होत्या. मी आणि हे खुर्च्यांवर बसलेले, शेजारी सासूबाई. व्यासपीठामागे एका खोलीत पन्हं कालवायचं काम चाललेलं. पाहुणे यायच्या आधी माझा भाऊ सासूबाईंसाठी पेला घेऊन आला. ओठाला लावून त्यांनी तो परत ट्रेमध्ये ठेवला.

"कोमट आहे का हो?" त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता. रागाचा नव्हता. पण माझ्या कानाला तो फार मोठा लागला. तीन मोडलेली लग्नं माझ्या डोळ्यांपुढून गेली.

भाऊ माझ्याकडं बघत उभा राहिला. मी त्याला खाली वाकायला सांगितलं आणि कानात म्हटलं, "बर्फ आण. कुठूनही आण. सरांना कळू देऊ नकोस."

सर तेव्हा फाटकाजवळ पेले विसळायचं पाणी बघायला गेले होते. भावानं अर्ध्या तासात भुशात गुंडाळलेल्या दोन लाद्या आणल्या. कुणाच्या गाडीवरून आणल्या, कुठल्या पाण्यानं धुतल्या, मी विचारलं नाही. फोडून पिंपात टाकल्या. वितळून जाईपर्यंत पिंपावर झाकण होतं, मग ते बाहेर पटांगणात आणून ठेवलं.

मग सर आले. नेहमीसारखा पहिला पेला घेतला. मी व्यासपीठावरून त्यांच्याकडं बघत होते. पाहुण्यांची रांग लागली होती, सनईची तबकडी वाजत होती, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, आज नको सर, आज नको. त्यांनी घोट घेतला. थोडा वेळ तसेच थांबले. पिंपाकडं दोन पावलं गेले. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हसण्याचा प्रयत्न केला. त्यांनी उरलेलं पन्हं पिऊन पेला खाली ठेवला आणि मान हलवली. वाटप सुरू झालं.

त्यांना कळलं नाही, असं मला वाटलं. हायसं वाटलं मला. देवाचे आभार मानले.

पन्ह्याची सगळ्यांनी तारीफ केली. सासूबाईंनीही एक पेला संपवला. माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, मंगळवेढ्याहून एस्टीनं उभे राहून आले होते. काकूला ताप होता म्हणून ती आली नव्हती. काका तीन पेले प्यायले. तिसरा घेताना व्यासपीठाजवळ येऊन मला म्हणाले, "पोरी, असलं पन्हं मी जन्मात प्यालो न्हाय. जीव गार झाला बघ." मूलबाळ नव्हतं त्यांना. मी त्यांची लेकच होते.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले. चौथ्या दिवशी तार आली. काका गेले होते. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपासून जुलाब-उलट्या, मग दवाखाना, सलाईन, सगळं झालं. आणखी अकरा माणसं आजारी होती, ती वाचली. तेव्हा गावात जुलाब-उलट्यांची साथ होतीच, तीन-चार दिवसांनी टँकर यायचा, माणसं मिळेल ते पाणी प्यायची. नेमकं कशामुळं झालं हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येईना. पण आजारी पडलेले बाराही जण आमच्या समारंभातले होते.

मी सोलापूरला पोचले तेव्हा भावानं मला दारातच गाठलं. त्याचा चेहरा पांढराफटक होता. "ताई, बर्फाचं बोलू नकोस. बाबा जगायचे नाहीत," तो म्हणाला. मी बोलले नाही. मला बाबांची काळजी होती, हे खरं आहे. सासरी काय म्हणतील ही काळजी त्याहून मोठी होती, हेही खरं आहे.

सरांना मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं. गल्लीतल्या माणसांनी विचारलं. माझ्या बाबांनी विचारलं, तेही हात जोडून, की सर, काय झालं हो? सरांचं उत्तर सगळ्यांना एकच. "पाणी माझ्याकडं होतं." त्यापुढं एक अक्षर नाही. उकळलं होतं, चाखून आणलं होतं, यातलं काहीही नाही. माणसांना उलट तेच खुपलं. एवढा पाण्याचा पंडित, आणि ह्याच्याच हातून. गल्लीतले कुणी आपले माठ परत न्यायला तयार होईनात. ते आमच्या बोळात उपडे पडून होते, खडूची नावं तशीच. एका सकाळी सर आले आणि बाबांशी न बोलता एकेक माठ फोडून खापऱ्या पोत्यात भरून घेऊन गेले. शाळा सुरू झाल्यावर काही पालकांनी लिहून दिलं की प्रयोगाच्या तासाला आमच्या मुलींना ह्या सरांच्या हातचं काही देऊ नये. सरांनी पाणी उकळायचा तो तास बंद केला. सहामाहीच्या सुमाराला त्यांनी बदली मागितली. जेऊरच्या बाजूला एका लहान शाळेत शास्त्राची जागा रिकामी होती, तिथं कुणी जायला तयार नसायचं.

हे सगळं मला भावाच्या पत्रांतून कळत होतं. दिवाळसणाला माहेरी आले तेव्हा मी बाळीवेशीत गेले. अक्कांनी दार उघडलं. मला बघून त्या आत वळून कानडीत काहीतरी बोलल्या आणि बाजूला झाल्या. सर जमिनीवर बसून पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते. कोट नव्हता. कोटाशिवाय ते फार लहान दिसत होते.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. "सर, पन्ह्यात बर्फ मी घालायला लावला," म्हटलं.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. सुतळीची गाठ त्यांनी पूर्ण मारली.

"भावानं सांगितलं?"

"कशाला सांगेल तो? प्यालो की मी. उकळलेलं पाणी मेलेलं लागतं, बाई. माठात दोन दिवस ठेवा, तरी मेलेलंच. कच्च्याला जीव असतो. पहिल्या घोटालाच कळलं."

पाच महिने मी वेगळंच धरून चालले होते. "मग तुम्ही सांडलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. "तेव्हा तर सांडलं होतं! मुख्याध्यापकांच्या मांडवात सांडलं होतं की!"

"सांडणारच होतो. गेलो होतो पिंपापाशी." ते गठ्ठ्याकडं बघत बोलत होते. "मग वर बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघत होता. ह्या माणसानं आता काय तमाशा करू नये, असं तुमच्या तोंडावर लिहिलेलं होतं. वर्षभर सगळ्यांच्या तोंडावर तेच वाचत होतो मी. म्हटलं, एक दिवस आपण चार माणसांसारखं वागून बघावं. लोक कच्चं पाणी पितातच की. रोज पितात. एवढं काय होतंय?" मग म्हणाले, "तेवढा एकच दिवस."

आतल्या खोलीत अक्का रडत होत्या, ते ऐकू येत होतं.

"दोष माझा आहे सर. मी मुख्याध्यापकांना सांगते. गल्लीत सांगते."

"काय सांगणार? तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. माहीत असणाऱ्याचा दोष मोठा. हे सांगून मला काय मिळणार?" मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "एक मात्र करा. मंगळवेढ्याला काकूंना काही सांगू नका. तुमचं ओझं उतरेल, पण ते त्यांच्या डोक्यावर जाईल. तुम्हाला सांगायचं होतं, मला सांगून झालं. साकु. पुरे."

नकलेची माफी मी त्यांच्या दारातून बाहेर पडताना मागितली. ते म्हणाले, "चांगली केली होती. आवाज जमला होता." चेष्टा नव्हती ती. गठ्ठा उचलून ते आत गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

सरांचं मी ऐकायला हवं होतं. पण माझ्यानं राहवेना. भाऊबीज झाली आणि मी मंगळवेढ्याची एस्टी धरली. त्या पावसाळ्यात मात्र पाऊस झाला होता. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कोवळी ज्वारी गुडघ्याला लागली होती आणि माणसं कामाला लागलेली दिसत होती. काकू ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मला बघून उठली, दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी तिला बसवलं आणि सांगितलं. सासूबाई काय म्हणाल्या, मी भावाला काय सांगितलं, बर्फ, सगळं. सरांचं नाव मी घेतलं नाही.

तिचे हात थांबले. हातातली शेंग तशीच होती.

"आनि हे आत्ता सांगायलीस व्हय?" ती म्हणाली.

"काकू, मला..."

"जाताना काय म्हनून गेलेत ठावं हाय? दवाखान्यात. तुजे बाबा हुते जवळ, त्येंनी सांगितलं. म्हनाले, पोरीच्या लग्नात जीव गार झाला. समद्यांना म्या तेच सांगत आले. उन्हाचं, दुष्काळाचं सालभर तडफडलेलं मानूस लेकीच्या लग्नात पोटभर पिऊन गेलं. लई पुण्यवान. येवढंच धरून बसले हुते गं म्या." तिनं शेंग सुपात टाकली. "तू त्येबी न्हेलंस."

संध्याकाळच्या एस्टीला दोन तास होते. ते आम्ही त्याच ओट्यावर काढले. ती शेंगा फोडत राहिली, मी बघत राहिले. त्या घरातून मी कधी उपाशी बाहेर पडले नव्हते. त्या दिवशी ती जेवून जा म्हणाली नाही.

पुण्याला परत आल्यावर मी सरांना जेऊरच्या पत्त्यावर कार्ड लिहायला घेतलं. 'सर, तुम्ही म्हणालात तसंच झालं' एवढं एक वाक्य लिहिलं आणि थांबले. त्यांना पुन्हा एकदा बरोबर ठरवून मी त्यांना काय देणार होते? कार्ड फाडलं, आणि दुसरं लिहिलं नाही.